दान आणि पारख

एखाद्याने न मागता काही द्यावे आणि घेणाऱ्याने ते परत करावे, ह्यासारखा अवघड प्रसंग व्यवहारात क्वचितच येतो. विकत घेतलेली वस्तू परत करताना कोणाचे मन दुखावत नाही. उसने परत करणे हे तर कर्तव्यच होय. परंतु आपुलकीने पुढे केलेली वस्तू नाकारली गेली, की देणाराच नाकारला गेला असे दोन्ही पक्षांना वाटू लागते. भारतीय परंपरेने दानाचा विचार पुष्कळ केला आहे. देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, असे भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. धर्मशास्त्राने प्रतिग्रहाचेही नियम केले. कोणाचे दान घ्यावे आणि कोणाचे घेऊ नये, ह्याची चर्चा तेथे आढळते. मात्र ती चर्चा बहुतांशी देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या शुद्धतेभोवती फिरते. जे दान एकदा घेतले की जन्मभर सांभाळावे लागते, आणि ज्याच्या बऱ्यावाईटाची फळे देणारा व घेणारा ह्यांच्याहून निराळ्या, अनोळखी माणसांना भोगावी लागतात, अशा दानाचे काय करावे? हा प्रश्न गेल्या काही दशकांत एका अगदी नव्या क्षेत्रात रोजच्या रोज उभा राहत आहे.

ते क्षेत्र म्हणजे स्वयंसेवकांनी एकत्र येऊन उभारलेल्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचे. संगणकाची आज्ञावली माणूस ज्या मूळ रूपात लिहितो, ती संहिता सर्वांना वाचण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास खुली असावी, हा त्यामागील विचार. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘ग्नू’ ह्या प्रकल्पाची घोषणा करून त्या विचाराला चळवळीचे रूप दिले. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहावयास घेतलेल्या लिनक्स ह्या कर्नेलची, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याची, वार्ता इतरांना दिली. पुढे जगभरच्या हजारो हातांनी तो गाभा वाढविला. आज बँकांचे व्यवहार, रुग्णालयांतील नोंदी, खिशातील अँड्रॉइड फोन ह्या साऱ्यांच्या तळाशी अशाच संहिता आहेत. आणि त्यांपैकी कित्येक अजूनही एखाद्या माणसाच्या फावल्या वेळावर तगून आहेत.

ह्या संहितेत दोष सापडला, की कोणीही तो दुरुस्त करून ती दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवू शकतो. तिला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असे नाव आहे. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर आज्ञावली नोंदविली जात असे, त्या काळी चुकीच्या छिद्रावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवीत, शब्द तेव्हापासूनचा. १९८५ साली लॅरी वॉल ह्यांनी ‘पॅच’ ह्याच नावाची एक छोटी आज्ञावली प्रसिद्ध केली. संपूर्ण ग्रंथ न पाठविता केवळ बदललेल्या ओळी पाठवाव्यात, आणि दूरच्या माणसाने त्या आपल्या प्रतीत जशाच्या तशा बसवाव्यात, अशी सोय तिने केली. परक्याच्या कामात सुधारणा सुचविणे इतके सोपे त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. पाठविणे सोपे झाले. स्वीकारणे मात्र पूर्वीइतकेच कठीण राहिले. ह्या दोहोंमधील अंतरात ह्या निबंधाचा प्रश्न वसलेला आहे.

स्वीकाराची रीत कशी असते, हे लिनक्सच्या उदाहरणावरून कळू शकेल. संहितेचा कोणता भाग कोणाच्या देखरेखीखाली आहे, ह्याची एक मोठी यादी संहितेबरोबरच ठेवलेली असते. त्या देखरेख करणाऱ्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. मराठीत त्याला राखणदार म्हणावे. दुरुस्ती प्रथम त्याच्याकडे जाते. तिच्यात एकाच गोष्टीचा बदल असावा, दोन निराळे बदल असतील तर दोन निराळ्या दुरुस्त्या असाव्यात, आणि प्रत्येकीसोबत दोष कोणता होता व हा उपाय का योग्य आहे ह्याचे निवेदन असावे, अशी अपेक्षा असते. ‘काय केले’ हे संहिता वाचून कळते. ‘का केले’ हे लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते. २००४ पासून आणखी एक रीत रूढ झाली. दुरुस्ती देणारा, आणि ती पुढे नेणारा प्रत्येक राखणदार, तिच्याखाली आपले नाव लिहून ती देण्याचा आपणांस अधिकार असल्याची ग्वाही देतो. एका व्यापारी कंपनीने संहितेच्या मालकीवरून आदल्या वर्षी न्यायालयात वाद उभा केला होता. त्यातून ही सावधगिरी आली. परंतु कायद्याच्या पलीकडेही तिला एक अर्थ आहे. दानाखाली सही करणारा माणूस त्या दानाला जामीन राहतो.

आता देणाऱ्याची बाजू पाहावी. त्याला दोष आढळला तो बहुधा स्वतःच्या कामात अडचण आली म्हणून. त्याने रात्री जागवून मूळ शोधले, उपाय लिहिला, तपासला आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पाठविला. उत्तर म्हणून पुष्कळदा आठवडेच्या आठवडे शांतता येते. कधी निवेदन अपुरे असल्याचा शेरा येतो, कधी समास चुकल्याचा. कधी सारे पुन्हा निराळ्या रीतीने लिहून आणण्यास सांगितले जाते, आणि तसे केल्यावरही नकार येतो. त्याच्या मनात उमटणारा प्रश्न स्वाभाविक आहे: काम सर्वांचे, दोष खरा, उपाय फुकट, मग अडविणारा हा कोण? ह्या प्रश्नात एक नैतिक गृहीतक दडलेले आहे. सद्भावनेने केलेल्या श्रमाला स्वीकाराचा काही हक्क असतो, असे ते गृहीतक होय.

ते गृहीतक तपासताना दानाच्या स्वरूपाकडे वळावे लागते. पैशांचे दान घेतले, की ते खर्च करण्यापलीकडे घेणाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. संहितेचे दान हे दारात आणून बांधलेल्या गाईसारखे आहे. गाय देणारा त्याच सायंकाळी आपल्या वाटेने जातो. तिचे चारापाणी, दुखणेखुपणे आणि तिने शेजाऱ्याच्या शेतात केलेले नुकसान, हे सारे ज्याच्या दारात ती बांधली त्याच्याकडे राहते. दुरुस्ती म्हणून आलेल्या चाळीस ओळी संहितेत शिरल्या, की पुढे दहा वर्षे प्रत्येक नवा बदल त्या ओळींशी जुळवून घ्यावा लागतो. त्यांचा लेखक तोवर नोकरी बदलतो, छंद बदलतो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते. म्हणूनच स्वीकार म्हणजे केवळ आभारप्रदर्शन नव्हे. ते एक दीर्घ मुदतीचे वचन आहे. आणि वचन कोणाकडूनही सक्तीने घेता येत नाही.

सद्भावना आणि योग्यता ह्या दोन गोष्टी किती निराळ्या असू शकतात, ह्याचे एक बोलके उदाहरण २००८ साली उघडकीस आले. डेबियन ह्या स्वयंसेवी प्रकल्पात ओपन-एसएसएल ही गुप्तलेखनाची संहिता वापरली जात असे. दोष शोधणारी एक आज्ञावली तिच्यातील काही ओळींविषयी वारंवार इशारे देई. डेबियनमधील राखणदाराने मूळ प्रकल्पाच्या मंडळींकडे विचारणा केली. तिला आलेले उत्तर अनुकूल वाटेल असेच होते. त्याने २००६ मध्ये आपल्या प्रतीतील त्या ओळी निकामी केल्या. इशारे थांबले. परंतु गुप्त किल्ल्या घडविताना लागणारी यदृच्छा त्याच ओळींमधून येत होती. विशिष्ट प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीच्या अगणित शक्यता असावयास हव्या होत्या, त्या जेमतेम ३२,७६८ उरल्या. २००८ च्या मे महिन्यात हे जाहीर झाले, तेव्हा डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटू ह्या प्रणालींवर घडविलेल्या असंख्य किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. विचारणाऱ्याने विचारले होते. सांगणाऱ्याने मदतीच्याच भावनेने सांगितले होते. उणीव होती ती एवढीच, की तो बदल मूळ प्रकल्पाच्या पारखेतून दुरुस्ती म्हणून रीतसर कधी गेलाच नाही. कठोर वाटणाऱ्या छाननीचे मोल तिच्या अभावी किती अनर्थ होतो त्यावरून कळते.

मराठी वाचकाला ह्या प्रसंगी पैठणच्या एकनाथांचे स्मरण होणे साहजिक आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीन शतकांच्या प्रवासात अपपाठ शिरले होते. त्यांतील कित्येक भाविकांच्याच हातून, काही तर सुधारणेच्या इच्छेनेही शिरले असतील. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ती प्रत शुद्ध केली आणि ह्यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये अशी ताकीदही दिली. एका मोठ्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथाची राखण करताना स्वतःची प्रतिभा दाराबाहेर ठेवावी, ह्यात पारखेचा आदर्श दिसतो. अर्थात दोहोंमधील भेदही स्पष्ट आहे. ज्ञानेश्वरी पूर्ण झालेली कृती होती. तिचे रक्षण म्हणजे तिला मूळ रूपात ठेवणे. संहिता मात्र रोज बदलली नाही तर मरते, कारण तिच्या भोवतीची यंत्रे बदलत असतात. तेव्हा एकनाथांचा निर्धार राखणदाराला पुरेसा नाही. त्याला दार बंद करता येत नाही. प्रत्येक वेळी उघडून, पाहून, ठरवावे लागते.

काहींनी दार जवळजवळ बंदच ठेवले आहे. एसक्यूलाइट ही जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संहितांपैकी एक. तिच्या निर्मात्यांनी ती सर्वांना कोणत्याही अटीविना खुली केली. परंतु बाहेरच्यांच्या संहितेचा स्वीकार ते सहसा करीत नाहीत. डोनाल्ड कनुथ ह्यांनी मुद्रणासाठी रचलेल्या ‘टेक’ ह्या प्रणालीबाबत निराळी रीत पाळली. दोष दाखविणाऱ्याला ते बक्षिसाचा धनादेश पाठवीत, पण दुरुस्ती स्वतःच करीत. आणि आपल्या पश्चात त्या प्रणालीत कोणीही बदल करू नये अशी इच्छा त्यांनी नोंदवून ठेवली आहे. ह्या दोघांनी स्वातंत्र्याचा भंग केला, असे म्हणता येणार नाही. संहिता घेण्याचे, बदलण्याचे आणि निराळ्या नावाने वाटण्याचे स्वातंत्र्य वाचकाला आहेच. आपला बदल दुसऱ्याने त्याच्या प्रतीत घ्यावा, हा हक्क मात्र त्या स्वातंत्र्यात येत नाही. देण्याचे स्वातंत्र्य आणि स्वीकाराचा हक्क ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली, की देणाऱ्याच्या मनात अन्यायाची भावना उपजते.

नकाराचा अधिकार असा सिद्ध झाला, तरी तो निरंकुश ठरत नाही. अधिकाराच्या मागोमाग दायित्व येते. ज्या प्रकल्पाने ‘या, हातभार लावा’ असे आवाहन केले आहे, त्याने आलेल्या माणसाला उंबरठ्यावर ताटकळत ठेवणे हे शिष्टाचाराच्याच नव्हे, न्यायाच्याही विरुद्ध आहे. राखणदाराकडे किमान तीन गोष्टींचे येणे असते: उत्तर, कारण आणि सभ्यता. उत्तर नकाराचे असले तरी ते देणाऱ्याला मोकळे करते. मौन त्याला आशेत अडकवून ठेवते. कारण दिले, की नकारही शिक्षण होतो, आणि पुढची दुरुस्ती अधिक नेटकी येते. सभ्यतेविषयी तर लिनक्सच्याच इतिहासात धडा आहे. टॉरवल्ड्स ह्यांच्या परखड, पुष्कळदा अपमानकारक उत्तरांचे वर्षानुवर्षे समर्थन होत आले. संहिता उत्तम राहावी म्हणून हा कठोरपणा हवाच, असे म्हटले जाई. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतःच आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे कामातून निवृत्त होऊन ते ऑक्टोबरमध्ये परतले, आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. छाननी त्यानंतर सैल झाल्याचे दिसत नाही. दुरुस्ती वाईट आहे हे सांगण्यासाठी माणूस वाईट आहे असे सांगावे लागत नाही.

परंतु दायित्वांची ही यादी करताना एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. राखणदारही स्वयंसेवकच असतो. देणाऱ्याने एक रात्र दिली; घेणाऱ्याकडे अशा शंभर रात्रींचे ढीग येऊन पडतात, आणि त्याला दिवसा दुसरीकडे नोकरी करावी लागते. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपन-एसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. कित्येक सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर त्यातून बाहेर काढता येत होता. सदोष संहिता एका तरुण संशोधकाने सदिच्छेने दिलेली होती. ती प्रकल्पातील एका जाणकाराच्या नजरेखालून गेली होती, आणि २०११ च्या अखेरीस स्वीकारलीही गेली होती. म्हणजे येथे पारख झाली होती, पण अपुरी झाली. त्याचे कारण शोधता असे दिसून आले, की जगातील मोठमोठ्या व्यवहारांचा भार वाहणाऱ्या ह्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. ज्यांनी ह्या संहितेवर कोट्यवधींचे व्यवहार उभारले, त्यांनी ना दुरुस्ती दिली होती, ना पारखणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय केली होती. दान नाकारल्याची तक्रार करणाऱ्यापेक्षा, आयुष्यभर नुसते घेत राहून दानाच्या अस्तित्वाचीही जाण न ठेवणारा अधिक दोषी नव्हे काय?

राखणदार चुकला, हटवादी निघाला, तर त्यावर उपाय कोणता? मुक्त संहितेत एक उपाय जन्मतःच आहे. असंतुष्टांनी संहितेची प्रत घ्यावी आणि निराळा फाटा काढावा. ग्नू प्रकल्पाच्या ‘जीसीसी’ ह्या महत्त्वाच्या आज्ञावलीत दुरुस्त्यांचा स्वीकार फार मंद झाल्याचे वाटून काही जाणकारांनी १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ नावाचा फाटा काढला. दोन वर्षांच्या आत तो इतका सरस ठरला, की १९९९ च्या एप्रिलमध्ये मूळ प्रकल्पाने त्यालाच अधिकृत म्हणून मान्यता दिली. बंडखोरच राखणदार झाले, आणि पारखेचे ओझे आता त्यांच्या खांद्यांवर आले. फाटा काढण्याचा हक्क क्वचितच वापरला जातो. परंतु तो आहे म्हणूनच राखणदाराची सत्ता मालकीची न राहता विश्वस्ताची राहते. ह्याच्या उलट टोकाला चिकाटीचे उदाहरण आहे. ठरलेल्या क्षणी ठरलेले काम हमखास पार पाडण्याची क्षमता लिनक्समध्ये यावी, म्हणून २००४ च्या सुमारास काहींनी दुरुस्त्यांचा एक संच हाती घेतला. तो एकदम स्वीकारला गेला नाही. त्यातील एकेक अंश घासूनपुसून, सर्वांच्या उपयोगाचा करून, हळूहळू मूळ संहितेत नेण्यात आला. अखेरचा अंश २०२४ च्या ६.१२ ह्या आवृत्तीत विसावला. वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत दुरुस्ती बदलली, संहिता बदलली आणि नकार देणारेही बदलले. ह्याला नकार म्हणावे की प्रदीर्घ संवाद म्हणावे, असा प्रश्न पडतो.

पारखेची एक मर्यादा मात्र कोणत्याही चिकाटीने सुटत नाही, आणि ती मराठी वाचकाच्या अगदी जवळची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोहोंमधील भेद रकाराच्या लेखनात आहे, आणि दुसऱ्या शब्दातील आडवा रकार हिंदी लिहिणाऱ्याला लागत नाही. युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेतात त्याची सोय असली, तरी अक्षरे पडद्यावर जुळविणाऱ्या संहितेत ती नीट उतरली पाहिजे. समजा, ती उतरली नाही, आणि कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने दुरुस्ती पाठविली. दूरदेशीच्या राखणदाराला देवनागरी वाचता येत नाही. संहितेचा तो पारखी आहे. पण ‘दऱ्या’ बरोबर दिसतो की नाही, हे त्याला डोळ्यांनी ठरविता येत नाही. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याजवळ ज्ञान नाही, आणि जिच्याजवळ ज्ञान आहे तिच्या हाती निर्णय नाही. अशा वेळी साक्षीवर विसंबावे लागते: प्रमाणग्रंथ, दुसऱ्या जाणकाराची संमती, आणि मुख्यतः सांगणारीच्या प्रांजळपणावरील विश्वास. म्हणजे सर्वात काटेकोर समजल्या जाणाऱ्या ह्या व्यवहाराच्या तळाशीही श्रद्धाच आहे. प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळून पाहीन असे म्हणणारा राखणदार काहीच स्वीकारू शकणार नाही.

ह्या श्रद्धेचीच परीक्षा घेण्याचे काहींनी ठरविले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये टोपण नावांनी, वरकरणी हिताच्या पण आतून घातक अशा काही दुरुस्त्या लिनक्सकडे पाठविल्या. छाननी भेदता येते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्या संहितेत शिरण्यापूर्वी आपण राखणदारांना सावध केले, असे त्यांचे म्हणणे होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठातून पुन्हा सदोष दुरुस्त्या आल्या, तेव्हा संशय अनावर झाला. विद्यापीठाकडून काहीही स्वीकारू नये असे ठरले, जुन्या चारशेहून अधिक दुरुस्त्यांची फेरतपासणी करावी लागली, आणि संशोधकांनी क्षमा मागून आपला निबंध मागे घेतला. फेरतपासणीत बहुतेक दुरुस्त्या निर्दोष निघाल्या. ज्ञानासाठी केलेला प्रयोग म्हणून ह्या कृत्याचे समर्थन करणारे होते. परंतु प्रयोगातील पात्रे कोण होती? ज्यांचा वेळ आधीच अपुरा होता, असे स्वयंसेवक. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, ह्या कांटच्या तत्त्वाचा हा सरळ भंग होता. त्याहूनही गंभीर हानी निराळीच होती. खोटे नाणे बाजारात आले, की खऱ्या नाण्यालाही दगडावर घासून घ्यावे लागते. आणि तो घासण्याचा त्रास प्रामाणिकालाच होतो.

प्रयोगाने जे सूचित केले ते २०२४ साली प्रत्यक्षात घडले. ‘एक्सझेड’ ही माहिती दाबून लहान करणारी एक संहिता अनेक वर्षे प्रामुख्याने एकच माणूस विनामोबदला सांभाळीत होता. २०२१ पासून ‘जिया तान’ हे नाव धारण करणारी एक व्यक्ती, किंवा व्यक्तींचा गट, तिला दुरुस्त्या देऊ लागला. त्या उपयुक्त होत्या. २०२२ मध्ये काही अपरिचित नावे राखणदारावर दडपण आणू लागली: दुरुस्त्या पडून आहेत, काम मंदावले आहे, दुसऱ्याला अधिकार द्यावेत. राखणदाराने आपल्या मनःस्वास्थ्याच्या दीर्घ तक्रारीचा उल्लेख केला आणि हे काम विनावेतन छंदाचे आहे ह्याची आठवण दिली. दडपण थांबले नाही. अखेर मदतीला तत्पर असलेल्या त्या नव्या माणसालाच अधिकारांत वाटा मिळाला. आणि २०२४ च्या आरंभी त्याच अधिकाराने चाचणीच्या धारिकांत दडविलेले एक चोरदार ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत बसविले गेले. दूरच्या संगणकांत शिरण्याची ती वाट होती. ‘जिया तान’ कोण, हे जगाला कळलेले नाही.

ह्या घटनेतील सर्वात क्लेशदायक गोष्ट चोरदार ही नव्हे. देणाऱ्याची म्हणून जी न्याय्य तक्रार असते, उत्तर मिळत नाही, दुरुस्त्या पडून राहतात, राखणदार मंद आहे, तीच तक्रार येथे शस्त्र म्हणून वापरली गेली. राखणदाराचे जे दायित्व वर सांगितले, त्याच दायित्वाच्या जाणिवेने त्याला घेरले. ज्याला अपराधी वाटू शकते त्यालाच असे घेरता येते. निगरगट्ट माणूस ह्या सापळ्यात सापडला नसता. तेव्हा निगरगट्ट व्हावे, हाच ह्यातील बोध समजावा काय? नवागताकडे संशयाने पाहावे, अनोळखी दान सरसकट परत करावे, मौन हेच धोरण करावे?

तसे मानणे म्हणजे रोगाचे निदान चुकविणे होय. एक्सझेडचा राखणदार विश्वास ठेवल्यामुळे पडला नाही. एकटा असल्यामुळे पडला. विश्वास तर ह्या व्यवहारात अटळच आहे, हे ‘दऱ्या’च्या उदाहरणाने दिसले. फरक पडतो तो विश्वासाचे ओझे किती खांद्यांवर वाटले गेले आहे त्याने. दोन राखणदार असते, तर एकाच्या थकव्यात दुसऱ्याने नाही म्हटले असते. तक्रारींच्या त्या गर्दीत एखादा खरा वापरकर्ता ‘सावकाश होऊ द्या’ एवढे म्हणाला असता, तरी दडपणाचे स्वरूप पालटले असते. दुरुस्ती देणाऱ्याचे कर्तव्य येथून नव्या अर्थाने दिसू लागते. स्वतःची दुरुस्ती पुढे करणाऱ्याने दुसऱ्या कोणाची एखादी दुरुस्ती तपासून द्यावी, एवढी साधी रीत पाळली गेली, तरी देणारा आणि पारखी ह्यांच्यातील भिंत पातळ होईल. दानाची परिपूर्ती वस्तू हातावेगळी करण्यात नाही. दिलेल्या गाईच्या चाऱ्याची काळजी वाहण्यात आहे.

ह्या घटनेचा शेवटही ह्याच दिशेने बोट दाखवितो. आंद्रेस फ्रॉइंड हे संगणकतज्ज्ञ निराळ्याच कामासाठी काही मोजमापे करीत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांना खटकले. अर्धा सेकंद ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट होती. त्यांनी केले नाही. मुळापर्यंत शोध घेत ते चोरदारापाशी पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ती गोष्ट सर्वांना कळविली. सदोष आवृत्त्या तोवर बहुतेक स्थिर प्रणालींत शिरल्या नव्हत्या. एक्सझेडचे ते राखणदार नव्हते, तिच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर कोणी सोपविली नव्हती. संहिता उघडी होती म्हणून त्यांना ती वाचता आली. आणि आपले नसलेल्या कामातील विसंगती आपली मानावी असे त्यांना वाटले म्हणून त्यांनी ती वाचली. वर्षानुवर्षे दुरुस्त्या देत आलेल्या खोट्या मित्रापेक्षा, एकदाच आणि न बोलावता आलेला हा वाटसरू त्या प्रकल्पाचा खरा दाता ठरला. त्याने दिली ती वस्तू नव्हती. ते अवधान होते. अवधानाचे दान नाकारण्याचा प्रसंग कोणत्याही राखणदारावर सहसा येत नाही.